मास्तरांना बसणारी सायकल

मास्तर तीस वर्षं लोकांच्या पँटी शिवत होते, आणि त्यातली एकही त्यांनी गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापाची शिवली नव्हती. गिऱ्हाईक म्हणे, कंबर चौतीस. मास्तर टेप लावत, अडतीस बघत, तोंडाने "चौतीसच की!" म्हणत आणि वहीत अडतीस लिहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

असा हा मुरलेला माणूस साडूमुळे सायकलच्या दुकानात येऊन उभा राहिला. साडूने याच दुकानातून शर्यतीची सायकल घेतली होती आणि दर रविवारी तो मित्रांसोबत टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाई. परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तुम्ही आपलं शिलाई मशीनच चालवा. टेकडी तुम्हाला झेपायची नाही." सगळे हसले. मास्तरांची बायकोही हसली, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. "या रविवारी येतो," असं ते बोलून बसले.

"साडूंनी नेली तसलीच द्या," मास्तर म्हणाले.

दुकान चालवणाऱ्या बाईंचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते. "रोज किती चालवता, काका?"

"तीसेक किलोमीटर." घर ते त्यांचं शिलाईचं दुकान दीड किलोमीटर होतं.

"आणि चढ आला की?"

"उतरायची सवयच नाही हो." वाटेतल्या पुलावर ते रोज उतरत.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बुटाची नाडी सुटलीये बघा तुमची."

मास्तर वाकले आणि श्वास रोखून, लालबुंद होऊन वर आले. तोवर बाईंनी दुसरीच सायकल पुढे आणली होती. हँडल उंच, टायर जरा जाड, मागचं दातेरी चक्र बशीएवढं.

"ही न्या. तुमच्यासारखे रोज तीस किलोमीटर मारणारे हीच नेतात."

मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढणार, एवढ्यात थबकले. हा गोड आवाज, हा सरळ चेहरा त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! नाडीच्या निमित्ताने बाईंनी त्यांना टेप लावला होता. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी कारागिराला कारागिराचं वाटतं तसं कौतुक वाटलं.

"ताई, मनातल्या वहीत काय लिहिलंत?"

बाई हसल्या. "खरं सांगू? नवशिका. पाठ वाकत नाही. चढावर उतरतो."

"आणि साडूंसारखी घेतली असती तर?"

"तिचं हँडल खाली. वर्षानुवर्षं चालवणाऱ्याची पाठ लागते तिला. तुम्ही दुसऱ्या वळणावर कंबर धरून बसला असता. हिचा गिअर हलका आहे. हळू जाल, पण जाल."

रविवारी मंडळी भुर्रकन पुढे गेली. मास्तर रमतगमत पायडल मारत राहिले. दुसऱ्या वळणावर कठड्याला टेकून, कंबर धरून साडू बसला होता.

"फोन आला होता," साडू म्हणाला. मग मास्तरांच्या सायकलकडे बघत राहिला. "घाम नाही आला तुम्हाला? कसली भारी सायकल आहे ही?"

मास्तरांच्या जिभेवर दोन उत्तरं तयार होती, एक खवचट आणि एक गोड खोटं. दोन्ही त्यांनी गिळली.

"नवशिक्याची आहे. मी नवशिकाच आहे." जेवणानंतर पट्टा सैल करावा तसं त्यांना मोकळं वाटलं. "चालवून बघता?"

साडूने वर रस्त्याकडे बघितलं. मित्रांपैकी कुणी दिसत नव्हतं. तो कण्हत उठला आणि त्याने हँडल धरलं.

"बघतो. पण मास्तर, घरी बायकांना सांगू नका."