वनाची बोट, तोतारामची बोट

धरणाच्या काठावर दोन बोटी शेजारी बांधल्या होत्या. दोन्ही निळ्या. खाली हवेची दोन जाड पत्र्याची नळकांडी, वर फळ्यांचा चौथरा, भोवती कठडा, माथ्यावर ताडपत्री. मालक सख्खे भाऊ, थोरला तोताराम आणि धाकटा वना. एकत्र होते तेव्हा जळगावच्या एकाच कारागिराकडून दोन्ही बनवून आणल्या होत्या. आता एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

ज्योती धुळ्याहून गाडी घेऊन आली होती. सोबत नवरा रुपचंद, सासू कमलबाई आणि चार वर्षांची परी.

"ताई, आठे या!" तोतारामने हाक दिली. "तीबी अशीच शे, भाव एकच शे."

"कुठलीही घे," रुपचंद म्हणाला. "सारख्याच आहेत."

ज्योतीने दोन्हींवर पाय ठेवून पाहिलं. तोतारामच्या कठड्याचं दार सुतळीने बांधलेलं होतं. वनाच्या दाराला घट्ट कडी. परी एका जागी बसणारी पोर नव्हती. "ही घेऊ," म्हणत ती सासूला आणि पोरीला घेऊन वनाच्या बोटीत चढली.

सकाळपासून आलेलं प्रत्येक कुटुंब वनाकडेच गेलं होतं. तोतारामचं डोकं फिरलं.

"मन्हं गिऱ्हाईक तोडस का रे?"

दोर सोडायला वाकलेल्या वनाच्या पाठीत त्याने बांबू घातला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. रुपचंद मध्ये पडला, तर त्याचं कपाळ फुटलं आणि तो चिखलात कोसळला. तोतारामने बांबू फेकून पहार उचलली, कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि वनाच्या बोटीच्या नळकांड्यात ती खुपसू लागला.

"ना तुले, ना मले! बुडू दे!"

"दादा, लेकरं शेतस बोटमा!" वना काठावरून किंचाळला.

पत्रा फाटला. पाणी आत शिरलं, बोट एका अंगाला कलली, कमलबाई घसरत कठड्यावर आदळल्या. ज्योतीने परीला त्यांच्या कुशीत कोंबलं आणि वल्हं उचललं.

पहिला घाव तिने तोतारामच्या मनगटावर घातला. पहार सुटली नाही. उलट त्याने ती तिच्याच दिशेने उगारली. मग ज्योतीने जीव खाऊन वल्हं त्याच्या तोंडावर हाणलं. आणि पुन्हा एकदा. तोताराम पालथा पाण्यात पडला, भोवतालचं पाणी लाल झालं.

लोंबकळता हात घेऊन वना पाण्यात धावला, भावाला शर्टाने ओढत काठावर आणलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग ज्योतीकडे बघून ओरडला, "मारी टाकं! मन्हा भाऊले मारी टाकं!"

ज्योतीने वल्हं टाकलं. सासूला आणि पोरीला उतरवलं, ओढणी फाडून तोतारामच्या डोळ्यावर आवळली, रुपचंदला उभं केलं आणि सगळ्यांना गाडीत घालून स्वतः धुळ्याच्या दवाखान्यात नेलं.

तोताराम वाचला. उजवा डोळा मात्र गेला.

"पाय घसरीसन पडना," वनाने दवाखान्यात आलेल्या पोलिसांना सांगितलं. स्वतःच्या मोडलेल्या खांद्याबद्दलही तो तेच म्हणत राहिला. हवालदाराने ज्योतीकडे पाहिलं.

"मी मारलं," ती म्हणाली. "माझ्या पोरीला बुडवत होता तो."

हवालदाराने तिला बसायला सांगितलं. परीने पाणी मागितलं तेव्हा ज्योतीने पेला उचलला. कमलबाईंनी तो तिच्याकडून घेतला आणि म्हणाल्या, "तू बस, मी पाजते."