वाळूत झोपलेला रॅस

दादाला कुणी काही सांगावं आणि त्यानं ते ऐकावं, असं या घरात आजवर झालं नव्हतं. सत्तरीला टेकला, तरी ताठा तसूभर कमी नाही. दवाखान्यात कंपाउंडर होता, पण बोलणं असं की जणू सगळे डॉक्टर याच्याच हाताखाली शिकून गेले!

आणि बहीण? चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता पन्नाशीला आलेली. तिनं काय शिकायचं, कुठल्या स्थळाला नाही म्हणायचं, अगदी तिच्या खोलीचे पडदेसुद्धा दादानंच ठरवलेले. तिची म्हणावी अशी एकच गोष्ट घरात होती, खाऱ्या पाण्याची माशांची टाकी. त्यात रॅस मासा सोडायचा, तर पाणी आणि वाळू चांगली मुरायला हवी, म्हणून बिचारी आठ महिने थांबली होती.

सोमवारी तो आला. बोटाएवढा, अंगभर ठिपके. पाण्यात सोडला मात्र, वाळूत घुसून गडप झाला.

"गेला तुझा मासा," मंगळवारी दादा म्हणाला.

"अरे, ही जातच तशी. नव्या जागी बुजतो, चार-चार दिवस वाळूत पुरून घेतो. तू हात लावू नकोस."

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी तिनं अक्षरशः हात जोडले. "बरं बाई," दादा म्हणाला.

शुक्रवारी ती पाचला घरी आली, तर टाकीतलं पाणी गढूळ, वाळूचा नुसता चिखल. आणि दादा मोठी कामगिरी फत्ते केल्यासारखा खुर्चीत पेपर वाचत बसलेला.

"काढला गं एकदाचा. पाणी नासलं असतं सगळं. झारा घालून शोधावा लागला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठंय तो?"

"कचऱ्याच्या डब्यात. उघडा नाही टाकला, नीट कागदात बांधलाय."

तिनं डबा फरशीवर उपडा केला. औषधाची बांधावी तशी नेटकी पुडी, वर दोऱ्याचे तीन वेढे आणि घट्ट गाठ. आत मासा वाकडा होऊन सुकला होता.

"दोरा कशाला बांधलास?"

"पुडी सारखी उलगडत होती," पेपरातून डोकं वर न काढता दादा म्हणाला. "दोनदा घडी घातली, तरी तेच."

ती पुडी त्याच्या तोंडावर फेकावी असं तिला वाटलं.

"पुडी कशी उलगडेल आपोआप? तो धडपडत होता आत! जिवंत होता, तुझ्या हातात होता, आणि तू वरून गाठ मारलीस!"

"अगं, मला वाटलं..."

"तुला वाटलं! जन्मभर तुला वाटलं तेच झालं या घरात. मी सांगितलेलं एकदा, एकदा तरी तुला खरं वाटलं का रे?"

दादानं पेपर खाली ठेवला. बराच वेळ तो आठवत राहिला.

"नाही," तो म्हणाला.