शनिवारचं तेल

"शनवारी तेल इकत घ्यायचं न्हाई, लोखंडाचा खिळा घरात आणायचा न्हाई. ध्यानात ठिव."

साखराबाई या घरात नांदायला आली, त्या पहिल्याच आठवड्यात सासूनं तिला हे सांगितलं होतं. सासू मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली, बोलणं मोजकं. एकदा सांगायची, दुसऱ्यांदा नाही. तेव्हापासून साखराबाईनं शनिवार कधी मोडला नाही. एकवेळ जेवायचं, दिवेलागणीला मारुतीला तेल वाहायचं, आणि ते तेलसुद्धा शुक्रवारीच आणून देवळीत ठेवायचं. घरातल्यांच्याही ते अंगवळणी पडलेलं. लेक बिभीषण थट्टा करायचा, पण आईचा शनिवार त्यानं कधी मोडू दिला नाही.

आजही शनिवारच होता. शहागडला हायवेच्या कडेला भुजंगच्या गॅरेजात ती एका पालथ्या क्रेटवर पदर सावरून बसली होती. समोर बिभीषणची मोटारसायकल उभी होती.

उंच, जाड दातांच्या टायरांची, रानातून जाणारी गाडी. बिभीषण बियाण्याच्या कंपनीत होता. कपाशीचे, भेंडीचे प्लॉट बघत बांधाबांधानं, नदीच्या वाळूतून हिंडायचा. साधी गाडी तिथं टिकत नाही म्हणून त्यानं हौसेनं ही घेतली होती. पौषातल्या एका सकाळी तो याच हायवेच्या कडेला रस्ता ओलांडायला थांबला. उसाचा ट्रक येत होता. चहावाल्यानं मागाहून सांगितलं, पोरगं थांबलेलंच होतं. डाव्या हातानं क्लचची लिव्हर दाबलेली, उजव्या हातानं कानाचा मफलर सारखा करत होतं, अन् गाडी आपली पुढं सरकली. ट्रकनं त्याला नेलं. गाडी बाजूला पडली, हँडल तेवढं वाकलं, दिवा फुटला. लोक म्हणाले, वेळ आली होती. साखराबाईनंही तेच मानलं. दुसरं मानून माणूस जगणार कसं?

उद्या सकाळी ही गाडी धर्मराज नेणार होता. धर्मराज म्हणजे तिच्या सुनेचा, मोनिकाचा, एकुलता भाऊ. कंपनीनं बिभीषणच्या जागी त्याला घेतलं होतं, सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. साखराबाईचा नवरा रायभान म्हणाला, "घरची गाडी घरच्यालाच जाऊ दे." पुढं भाकरी थापताना मोनिकाचा हात मधेच थांबला.

"आत्याबाई, एक माणूस गेलं त्या गाडीवर. भाऊ मला एकच हाय."

साखराबाईनं तिच्या पिठानं भरलेल्या हातावर आपला हात ठेवला. "ती बराबर झाल्याबिगर धर्मराजच्या हाती जाणार न्हाई. माझा शब्द हाय तुला."

म्हणून गाडी उघडताना ती जातीनं येऊन बसली होती.

"मामी, तुमी कशाला तरास घेतला?" पाना हातात घेत भुजंग म्हणाला. "घरी माळ ओढीत बसायचं."

"माळ हितंबी ओढता येती. तू तुझं काम कर."

बाहेरच्या बाकावरून रायभान बोलला, "जल्दी कर रं भुजंगा. ह्या यंत्रापरीस आमची मेंढरं बरी व्हती. थांब म्हणलं का थांबायची."

"मामा, तीच मेंढरं ह्या हायवेवर ट्रकांची लाईन लावायची. इसरलात का?"

रायभान हसायला गेला, पण हसू ओठावरच विरलं. ट्रकाचं नाव निघाल्यावर भुजंगानंही मान खाली घातली.

त्यानं लिव्हरची ढील बघितली, केबल ओढून पाहिली. "केबलीत खोट न्हाई." मग गाडी चालू केली, पहिला गियर टाकला आणि लिव्हर मुठीत गच्च दाबून धरली. "आता बघा, मामी. क्लच पुरता दाबलाय. इंजिन चालू राहू दे, पण चाकानं जागचं हलायचं न्हाई."

चाक हललं. भुजंगानं दोन्ही पाय रोवले होते, तरी पाण्याची ओढ लागलेल्या जनावरागत गाडी हळूहळू पुढं रेटत निघाली. वीतभर. आणखी वीतभर. त्यानं चावी फिरवून ती बंद केली.

साखराबाईचा अंगठा मण्यावर थांबला. चहावाल्याचं बोलणं तिनं कानानं ऐकलं होतं. आज ते डोळ्यांनी पाहिलं.

भुजंगानं खाली परात सरकवून तेल सोडलं. काकवीसारखं दाट तेल जड धारेनं उतरू लागलं. त्यानं दोन बोटांत घेऊन चोळलं, वास घेतला.

"हे ह्या गाडीचं तेलच न्हाई. ट्रॅक्टरचं हाय." त्यानं कव्हर खोललं आणि आतल्या पातळ चकत्यांची थप्पी बाहेर काढली. दोन चकत्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्यानं नखानं सोडवून दाखवल्या. "क्लच दाबला का ह्या सुट्या झाल्या पायजेत, तवा चाक मोकळं होतं. असल्या दाट तेलात, त्यातबी थंडीच्या सकाळी, सुटत्यात कशाला? इंजिन चाकाला ओढीतच राहतं. मी बजावून सांगितल्तं त्याला फोनवर, हे तेल चालणार न्हाई म्हणून. तर म्हणला…"

तो गपकन थांबला आणि उगाच फडकं शोधू लागला.

"काय म्हणला?"

"जाऊ द्या, मामी."

"सांग, बाबा."

भुजंग परातीकडं बघत बोलला, "म्हणला, आईचा शनवार हाय, नवा डबा दारातून माघारी आला. सध्या घरात व्हतं ते टाकलंय. सोमवारी बदलून घेतो."

सोमवारीच तो गेला होता.

दारातला बिभीषण साखराबाईला जसाच्या तसा दिसला. हातात नवाकोरा डबा. ती म्हणाली होती, 'आज शनवार. माघारी ने.' तो हसून म्हणाला होता, 'अगं, हे काय फोडणीला घालायचंय का? गाडीलाबी शनी लागतो व्हय तुझा?' आणि निमूट वळला होता. ती मारुतीची वात करायला आत गेली. मागं गोठ्यात ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन होता, हे तिला कशाला आठवतंय?

"त्याची येळ आल्ती, साखरे," रायभान बाकावरून म्हणाला. त्यानं सगळं ऐकलं होतं. ती परातीतल्या तेलाकडं बघत राहिली.

भुजंगाला हात चालता ठेवणंच सोपं जात होतं. एकेक लोखंडी चकती तो काचेच्या तुकड्यावर ठेवायचा आणि कडेनं दाढीचं पातं सरकवून बघायचा. पातं आत शिरलं की चकती वाकडी. तशा निघाल्या त्या त्यानं बाजूला टाकल्या. ज्या टोपलीत चकत्या बसतात तिच्या उभ्या दातांना खाचा पडल्या होत्या, त्या कानशीनं घासून सपाट केल्या.

"नव्या प्लेटा जालन्याहून आणून ठिवल्यात. पण त्या रातभर तेलात भिजवाव्या लागतील. कोरड्या बसवल्या तर पुन्हा हीच बोंब. पहाटं बसवून देतो, मंग मला लग्नाला निघायचंय. तेल मातर आत्ताच पायजे, अन् माझ्याकडचं संपलंय. दुकान पल्याड हाय, रस्त्याच्या."

"आज हिचा शनवार," रायभान हळूच म्हणाला. "धर्मराजला दोन दिस थांब म्हणू."

"त्यानं सोमवारी गाडी घेऊन हजर व्हायचंय, मामा." भुजंगानं हात पुसले. "मामी, मीच आणतो ना. तुमी डब्याला हातबी लावू नका. तुमचा शनवारबी राहील, कामबी होईल."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. साखराबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. सगळे किती जपत होते तिचा शनिवार. बिभीषणनंही असाच जपला होता.

तिनं माळ डोळ्यांना लावली, बटव्यात घातली, बटवा कनवटीला खोचला.

"दुकानदाराला काय म्हणायचं?"

भुजंगानं फळीवरून एक रिकामा डबा काढून तिच्या हातात दिला. "हा दाखवा. ह्याच्यावर लिवलंय तेच द्या म्हणा. दुसरं दिलं तर घेऊ नका."

"मी येतो," रायभान उठू लागला.

"तुमी बसा."

चपला घालताना तिनं सासूला मनातल्या मनात काही सांगितलं. काय, ते तिचं तिलाच ठाऊक. घरी देवळीत कालचं तेल मारुतीसाठी ठेवलेलं होतं. दिवेलागणीला ती ते नेणारच होती. त्यानं घेतलं तर घेतलं.

हायवेच्या कडेला ती थांबली. एक ट्रक धूळ उडवत गेला, त्यामागं टेम्पो, त्यामागं आणखी एक ट्रक. पदर वाऱ्यानं उडत होता. तिनं तो दातांत धरला, रिकामा डबा छातीशी घेतला आणि रस्ता पुरता मोकळा होईपर्यंत पावलं जागची हलू दिली नाहीत. मग ती निघाली.