तिसऱ्या वर्षीची वाटणी

मित्रांनो, मी एक जुना गड्डा आहे. नाक मुरडू नका, सूर्यफुलाचा गड्डा आहे! एकदाच फुलून मरणारी सूर्यफुलं तुम्ही पाहिली असतील. आम्ही त्यातले नव्हे. थंडीत आमचे दांडे वाळतात, सगळ्यांना वाटतं, गेलं बिचारं. पण ऊन तापायला लागलं की आम्ही पुन्हा डोकं वर काढतो. मला याची फार घमेंड होती.

मला लावलं दोघी बहिणींतल्या थोरलीने. ती शिवणकाम करायची. माझे दांडे तिच्याहून उंच जायचे आणि वाऱ्याने आडवे व्हायचे. मग उरलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी ती मला कुंपणाला बांधायची. कुंपणापलीकडे तिच्या धाकट्या बहिणीचं, चिमीचं घर. दर तिसऱ्या वर्षी, कोंब फुटण्याआधी, थोरली मला खणून काढायची, फावड्याने दोन तुकडे करायची आणि अर्धा चिमीला द्यायची. चिमी नर्स होती. ती तो दवाखान्याच्या अंगणात लावायची. दुखायचं, खोटं कशाला बोलू? पण वाटणी झाली नाही तर दाटी होते आणि आमचा गड्डा मधोमध मरायला लागतो.

भांडण माझ्यामुळे झालं. बोटभर जागा मिळाली की हातभर पसरायची माझी खोड. मी कुंपणाखालून मुळं सोडली ती थेट चिमीच्या लसणाच्या वाफ्यात! वाफा नासला. चिमी चिडून म्हणाली, "तुझं झाड अगदी तुझ्यासारखं आहे ताई. न विचारता दुसऱ्याच्या घरात घुसतं!"

थोरलीला ते फार लागलं. धाकटीचा संसार आपणच सावरला, असं तिला वाटायचं. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणंच बंद झालं.

तिसरं वर्ष आलं. थोरली फावडं घेऊन माझ्यापर्यंत आली. "अर्धा द्यायचा कुणाला? ती काही घ्यायची नाही," असं पुटपुटत परत गेली. पुढचं तिसरं वर्षही तसंच गेलं. मी मधून पोकळ झालो. फुलं कशीबशी पाच-सहा.

त्या वर्षी चिमी आजारी होती. एका दुपारी ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. अंगावर नुसती हाडं. हळूच म्हणाली, "ताई, यंदा फुलं कमी आली गं."

थोरलीच्या हातातली झारी थांबली. बोल ना बाई, बोल! मी पानं सळसळवली. पण मान न वळवता ती आत गेली. नंतर माझ्यापाशी बसून म्हणाली, "कोंब फुटायच्या आधी खणते तुला. अर्धा घेऊन तिच्या दारात जाते. तेव्हा बोलेन."

भर थंडीत चिमी गेली.

थंडी सरल्यावर थोरलीने मला खणलं. कुजका भाग काढला, चांगल्याचे दोन तुकडे केले. एक उचलून ती कुंपणाशी गेली आणि सवयीने हाक मारली, "चिमे, घे गं!"

मग तिच्या लक्षात आलं. तो तुकडा छातीशी धरून ती तिथेच मातीत बसली आणि ढसाढसा रडली.

मित्रांनो, आमची वाटणी वेळेवर करा, दांडे वाळले म्हणून आम्हाला फेकू नका, हे तर सांगायचंच होतं. पण त्याआधी एक ऐका. मी दर थंडीत जातो आणि परत येतो. माझ्याकडे बघून त्या बाईला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं. तुमचं कुणाशी बोलायचं राहिलं असेल, तर आजच जा. मला पाणी उद्या घातलंत तरी चालेल.