आधी पापड-पाणी

ताटलीत पापडाचा एक तुकडा उरला होता, कड काळी पडलेला, मधे एक फुगवटा... कुंदाताईंनी तो बोटाने दाबला. पुन्हा उठून बघावं का? पण गॅसचं बटण बंदच होतं, दोनदा पाहिलं होतं. प्रश्न तो नव्हताच. बंद कुणी केलं?

परवा दूध जळलं, तेव्हा समीर ओरडलासुद्धा नाही. "आई, आम्ही ऑफिसातून येईपर्यंत गॅसला हात लावायचा नाही. परत असं झालं तर शेगडी काढून इंडक्शन आणतो." ओरडला असता तर बरं वाटलं असतं, ओरडतो माणूस आपल्या माणसावर...

आणि आज भर दुपारी लिफ्ट बंद. सोनिवलीच्या या टॉवरचे सगळे जिने चढून शेजारची हिमानी दारात टेकली, घामाने निथळत. "आंटी, चावी अंदर रह गयी. नवरा दुसरी घेऊन येईपर्यंत बसू का?" बस म्हणायच्या आधीच कुंदाताईंचे हात शेगडीकडे गेले— पूर्वी सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारला, बराकीत राहायच्या तेव्हा, शेजारची ईश्वरी सिंधीण उन्हातून आलेल्याला भाजलेला पापड आणि पाणी दिल्याशिवाय बोलूच द्यायची नाही. "अदी, पहिले पापड खा, झगडा बाद में!" अदी म्हणजे ताई. ती सवय आपल्या हातात कधी मुरली, कळलंच नाही. समीरचं लग्न ठरवायला सुरुचीच्या माहेरचे आले, तर त्यांच्यापुढेही आधी पापडच. ते बिचारे एकमेकांकडे बघत राहिले...

हिमानी मात्र खुदकन हसली. "पापड-पाणी! आंटी, तुम्ही कॅम्पच्या काय? माझी नानी सेम असंच करायची." बोलत बोलत ओट्यापाशी आली, ग्लास भरला, हात पुढे केला... बटणाकडे केला का? आठवेना. ईश्वरीच्या चिमट्याचं वाकडं टोक आठवत होतं, आणि मघाचं आठवेना.

विचारावं सरळ. नवरा चावी घेऊन आला तशी ती गेली, पण भिंतीपलीकडे तर आहे. कुंदाताईंनी दाराच्या कडीवर हात ठेवला. "गॅस मी बंद केला, की तू?"— मनात म्हणून पाहिलं, तर ऐकू आला तो समीरचा आवाज, तसाच शांत.

हात मागे आला. घरभर पापडाचा खरपूस वास कोंडला होता. समीर दारातच ओळखणार. खिडकी उघडली तर निघून जाईल, त्याला कळणारही नाही... त्या खिडकीपाशी गेल्या, काच सरकवायला बोटं टेकवली, आणि उरलेला तुकडा तोंडात टाकून तशाच उभ्या राहिल्या. इंडक्शनवर पापड भाजता येत नाही, हे समीरला कुणी सांगितलं असेल का? काच त्यांनी सरकवली नाही.