लेटिसची साक्ष

माझा बाप क्वॅमिनो तंबाखू भरायची लाकडी पिंपं बनवायचा. आई, लेटिस, नदीपलीकडच्या मळ्यावर धुणं धुवायची. दोघंही गुलाम, पण मालक वेगळे. भेट रविवारी, तीही मालकाने चिठ्ठी दिली तर.

एका संध्याकाळी बापाच्या मालकाचं तंबाखूचं कोठार जळालं. बाप तेव्हा मळ्यावर नव्हता, तेवढ्यावरून त्याला तुरुंगात टाकलं. कुठे होतास म्हटलं तर हा गप्प. खरं तर तो चिठ्ठीशिवाय आईकडे गेला होता. ती तापाने फणफणली होती, मी तिच्या पोटात होते. नाव घेतलं तर तिलाही फटके बसतील, या भीतीने तो फासावर जायला तयार झाला.

व्हर्जिनियात गुलामांसाठी कोर्ट निराळं. पंच नाहीत, वर दाद नाही. चार-पाच जमीनदारच न्यायाधीश, सकाळी सुनावणी आणि दुपारी निकाल.

आईला कळलं तशी ती नावाडी मिंगोकडे गेली. तोही गुलामच. त्याने काही न विचारता होडी सोडली.

ती कोर्टात साक्षीला उभी राहिली. न्यायाधीशांनी तिला बजावलं, खोटं बोललीस तर कान खांबाला ठोकून कापतात.

"कापा," आई म्हणाली, "पण आधी ऐकून घ्या. त्या संध्याकाळी हा माझ्या उशाशी होता. मला मक्याची पेज भरवत होता."

"साहेब, तापात बरळतेय ती," बाप म्हणाला.

"तू गप रे. एरवी बोल बोल म्हणते तर तोंड उघडत नाहीस, आणि आज कंठ फुटला होय?"

एक न्यायाधीश हसला. मग मागून मिंगो पुढे आला आणि म्हणाला, त्या संध्याकाळी याला मीच होडीने पलीकडे नेलं नि परत आणलं.

फाशी टळली. चिठ्ठीशिवाय गेल्याबद्दल बापाला फटके बसले, मिंगोलाही. आईचे बाळंतपणानंतर द्यायचे ठरले; पुढे कुणी तो विषय काढला नाही.

कोर्टाचा शिपाई भला माणूस. आईची परतीची होडी सुटेपर्यंत त्याने आई, बाप आणि मिंगोला नदीच्या धक्क्यावर बसू दिलं. आईने कमरेचं फडकं भिजवून बापाची पाठ पुसली. त्याने तिच्या पोटावर हात ठेवला. मी लाथ मारली म्हणे. इतके दिवस कोरडा राहिलेला माझा बाप तेव्हा रडला, आणि आई म्हणाली, "रड बाबा, इथे आपलीच माणसं आहेत."