तीन पडदे आणि रस्त्याकडेचे खांब

२०१२ साल. ते मला पक्कं आठवतं, कारण त्या एका वर्षात आमच्या घरातली दोन माणसं कामावरून घरी बसली. एक मी आणि दुसरा माझा थोरला भाऊ.

मी एकतीस वर्षं चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला. प्रेक्षकांच्या डोक्यामागच्या त्या गरम खोलीत बाई म्हणून मी एकटीच. सगळे मला 'ऑपरेटरबाई' म्हणत. त्या वर्षी रिळं गेली, डिजिटल यंत्र आलं आणि माझी गरज संपली. दादा चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवत होता. त्याच वर्षी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि प्रवासी घेऊन गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

माझं एक वेळ ठीक होतं. मी दोन दिवस रडून घेतलं आणि घरकामाला लागले. दादा मात्र खुर्चीत बसला तो बसलाच. समोर भिंत. अधूनमधून त्याचा उजवा पाय हलायचा. वहिनी म्हणायची, "ब्रेक मारताहेत. भिंत जवळ आली असेल." असं म्हणून हसायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं, तर तो फाटकापर्यंतही जाईना. जेवण निम्म्यावर आलं. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "हृदय मी दुरुस्त केलंय," ते म्हणाले, "पण माणसानंच हात-पाय गाळले तर पुढचं मला सांगता येणार नाही."

दादाची मुलगी, माझी भाची, संगणक जोडून देणाऱ्या दुकानात कामाला होती. बापाला पुन्हा गाडीवर बसवायचंच, असं तिनं मनावर घेतलं. गाडी चालवण्याचे खेळ संगणकावर असतात. पण एवढ्याशा पडद्यावर बाबा बघणारही नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं दिवाणखान्यात तीन मोठे पडदे शेजारीशेजारी लावले, मधला समोर आणि कडेचे दोन किंचित वळवून. थेट बसच्या काचेसारखे. टेबलाला खरं वाटेल असं स्टीअरिंग बसवलं, खाली तीन पेडल, हाताशी गिअरचा दांडा.

इतकं बारीक, इतकं रुंद चित्र रंगवणं एका ग्राफिक्स कार्डाला झेपेना. म्हणून तिनं एका डब्यात तीन कार्डं बसवली. दोन तिची, एक तिच्या दुकानातल्या जोडीदाराचं. त्याला सगळे 'स्क्रू' म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम चार स्क्रू खुळखुळत असायचे. विटेएवढी ती कार्डं एकावर एक चिकटून बसली आणि त्यांच्या कडेनं एक बोटभर जोडपट्टी गेली. यंत्र सुरू झालं तेव्हा पंख्यांचा असा आवाज उठला की वहिनी कणकेच्या हातानं बाहेर आली. "संगणक आहे की विमान? छप्पर राहील ना जागेवर?"

"आई, आकडा बघ आकडा!" पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा नाचत होता. "सेकंदाला नव्वद चित्रं!"

"नव्वद!" स्क्रूनं कपाळाला हात लावून नमस्कार केला. "अख्ख्या गावात कुणाकडे नसेल."

दादाला हाताला धरून आणलं. तो बसला, आरसे कुठे आहेत ते त्यानं पाहिलं, क्लच दाबून बघितला. गाडी निघाली. पाच मिनिटं गेली, सात गेली, आणि दादाच्या कपाळावर घाम आला. त्यानं गाडी कडेला घेतली, डोळे मिटले.

"मळमळतंय. ही गाडी झटके देते."

"झटके कसे देईल, बाबा? नव्वद येताहेत!"

"काका, सवय नाही ना तुम्हाला," स्क्रू समजुतीच्या सुरात म्हणाला. "सुरुवातीला होतं असं."

दादानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "चौतीस वर्षं माझ्या गाडीत कुणाला उलटी झाली नाही. आणि मला सवय नाही?" तो उठला. "काढून टाका हे सगळं. मला खेळणी नकोत." आणि पुन्हा खुर्चीत, पुन्हा भिंत. त्या दिवशी तो जेवलाच नाही.

भाची माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, मी उलटंच करून बसले गं. निदान आधी आशा तरी होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दादा डुलकी घेत असताना, मी तिला यंत्र लावायला सांगितलं. "चालव तू. मी फक्त बघते."

चित्रपटगृहातल्या आमच्या खोलीत नवं रीळ आलं की मी नटनट्यांकडे बघत नसे. कॅमेरा आडवा सरकताना जिथं कुंपण, खांब, खिडक्यांची ओळ काही असेल, तिथं नजर लावायची. यंत्र अडखळत असेल तर ते खांबात दिसतं, चेहऱ्यात नाही. मी तशीच रस्त्याकडेच्या खांबांकडे बघत बसले. आणि मला ते दिसलं. खांब एका लयीत जात नव्हते. दोन भराभर पुढे सरकत, मग जरासा दम, पुन्हा दोन भराभर.

"ही चित्रं काढतं कोण?" मी विचारलं.

"तिन्ही कार्डं, पाळीपाळीनं. पहिलं चित्र पहिलं कार्ड काढतं, दुसरं दुसरं, तिसरं तिसरं. मग पुन्हा पहिलं."

"आणि एखादं मागे पडलं तर?"

"मागे कशाला पडेल?" ती म्हणाली, पण तिनं बघितलं. तिन्ही कार्डांच्या मधे बोटभरही जागा नव्हती. खालच्याची गरम हवा मधल्याला, मधल्याची वरच्याला. वरचं चौऱ्याण्णव अंशांवर तापलं होतं आणि जीव वाचवायला स्वतःच हळू होत होतं. बाकीची दोन आपापलं चित्र टाकून मोकळी.

"मग तुझ्या त्या आकड्यात किती चित्रं आली ते कळतं," मी म्हटलं, "कधी आली ते कळत नाही."

भाचीनं गाडी कडेला घेतली. नंतर हळूच म्हणाली, "बाबांना कळलं होतं."

मी तिला आमची रीत सांगितली. आमच्याकडे दोन प्रोजेक्टर होते. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरा सुरू करायचा, प्रेक्षकाला पत्ता लागता कामा नये. एकाचा दिवा नवा आणि दुसऱ्याचा जुना असला, तर आम्ही जुन्याला ताणत नसू. नव्याचा उजेड जुन्याइतका उतरवायचो. पडदा किंचित मंद दिसे, पण सलग दिसे. किंचित मंद पडद्याची तक्रार एकतीस वर्षांत कुणी केली नाही. उजेड एकदम कमी-जास्त झाला की मात्र शिट्ट्या.

संध्याकाळी स्क्रू आला. भाचीनं मधलं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. मधे मोकळी जागा झाली, हवा खेळू लागली. मग तिनं खेळाला साठावर बांधून टाकलं. साठाच्या वर जायचं नाही, आणि खाली घसरू नये म्हणून झाडं नि गवत थोडं विरळ केलं.

"साठ?" स्क्रूला ते सहन होईना. "तीन कार्डांची दोन केली आणि वर साठ? लोक हसतील आपल्याला."

"तुला लोकांना बसवायचंय की काकांना?" मी विचारलं.

"पण आत्या, आकडा—"

"त्या आकड्यावर कागद चिकटव," मी म्हटलं, "आणि खांब बघ."

त्यानं बघितले. बराच वेळ बघितले. खिशातले स्क्रूही वाजायचे थांबले. "च्यायला," तो पुटपुटला, आणि जीभ चावून म्हणाला, "सॉरी, आत्या."

आता खरी अडचण. दादा त्या टेबलाकडे फिरकायला तयार नव्हता. भाचीनं विनवलं, वहिनीनं दटावलं, तो हलेना. शेवटी मीच स्टीअरिंगवर बसले. जन्मात सायकलशिवाय काही चालवलेलं नव्हतं. बस सुरू केली, दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि चढ आला तरी तशीच रेटत राहिले. इंजिन रडायला लागलं. मी आणखी दाबलं.

मागून खुर्ची करकरली.

"गिअर बदल."

मला ऐकू आलंच नाही.

"अगं, गिअर! जीव घेतेस का तिचा?"

"कुठला बदलू? इथं सहा आहेत!"

"ऊठ! ऊठ तिथून!" चप्पल न घालता तो आला आणि मला जवळजवळ ढकलूनच स्टीअरिंगवर बसला. दांड्यावर हात गेला, क्लचवर पाय गेला, रडणं थांबलं. इंजिन गुणगुणायला लागलं. चढ संपला, वळण आलं. तो वळणात शिरला तेव्हा आम्ही तिघी आणि स्क्रू श्वास रोखून त्याच्या कपाळाकडे बघत होतो. कपाळ कोरडं होतं.

पाऊण तास त्यानं गाडी चालवली. मग म्हणाला, "आता नीट चालतेय. काय केलंत?"

"सगळ्यांना एका चालीनं चालायला लावलं, बाबा," भाची म्हणाली.

पुढे एक थांबा आला. खेळात तिथं कुणी नव्हतं, पण दादानं गाडी थांबवली, डावीकडच्या पडद्यातल्या आरशात पाहिलं. "चढले का सगळे?"

वहिनी स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली आणि त्याच्या शेजारी मांडून बसली. "एक राहिली होती. आता सोडा. आणि जरा हळू, हो."

दादा त्यानंतर नऊ वर्षं जगला. रोज दहा ते बारा त्याची ड्यूटी असे, आणि ड्यूटीवर जायचं म्हणून तो आधी अर्धा तास चालून यायचा. पुढे आगारातले नवे चालक आमच्या दिवाणखान्यात शिकायला येऊ लागले. चढावर दुसरा गिअर रेटणाऱ्याला तो म्हणे, "आमच्या बहिणीसारखं चालवू नकोस."

भाची आणि स्क्रूनं लग्न केलं आणि स्वतःचं दुकान थाटलं. तिथं कुठलंही यंत्र गिऱ्हाइकाला देण्याआधी त्यावर खांबांचा रस्ता चालवून बघतात, आकडा झाकून. कार्डं जुंपायची ती पद्धत आता जवळपास गेली. एकटं कार्डच तेवढं काम करतं. जोडपट्टी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, सुयांच्या शेजारी. मी काम करायचे त्या चित्रपटगृहात आता सोफे विकतात.

वहिनी आता सत्तर वर्षांची आहे. रविवारी मी तिला फिरवून आणते. मला आता सहाही गिअर येतात. ती त्याच स्टुलावर बसते, आणि थांबा आला की मी विचारायच्या आधीच म्हणते, "चढले सगळे. चल."